पाय साथ देत नसेल तर पीजीला कोणता विषय?

प्रश्न: एमबीबीएसची इंटर्नशिप संपत आली. पायाच्या कमजोरीमुळे 45 टक्के अपंगत्व आहे. अर्ध्या तासाहून जास्त उभं राहवत नाही. रेडिओलॉजी घेऊ का?

उत्तर: घ्या, पण ‘बसून करायचं काम’ एवढ्यावर भुलू नका. रिपोर्टिंग, म्हणजे फिल्म बघून अहवाल लिहिणं, बसून होतं. सोनोग्राफीत खांदा आणि मनगट दुखतं, फ्लुरोस्कोपीत, म्हणजे चालू एक्स-रे तपासणीत, शिशाचा जड एप्रन घालून उभं राहावं लागतं. पॅथॉलॉजीत ग्रॉसिंगसाठी (शस्त्रक्रियेत काढलेला भाग तपासून कापण्यासाठी) उंच स्टूल मिळेल का, आधी बघून या. पायांना सर्वांत सोपं मानसोपचार. कॉलेजची लिफ्ट आणि वॉर्ड ते कॅज्युअल्टीचं अंतरही बघाच. पहिल्या वर्षीची खरी पायपीट तिथेच. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित कॉलेजांत 40 टक्के किंवा जास्त अपंगत्वाला किमान 5 टक्के जागा राखीव आहेत. अखिल भारतीय कोट्यासाठी प्रमाणपत्र ठरवून दिलेल्या केंद्राचंच लागतं. प्रवेशाच्या काउन्सेलिंगआधी काढून ठेवा.