बिल कोणाच्या नावावर?

माई, नमस्कार.

म्हापशात माझं हार्डवेअरचं दुकान आहे. वय 46. आई सावंतवाडीची, म्हणून घरात मराठी. आम्ही कॅथलिक. गेल्या उपवासकाळात तीन दिवसांच्या रिट्रीटला गेलो आणि माझ्यात फार फरक पडला. श्रद्धा रविवारच्या मिस्सेपुरती नको. दुकान, घर, पैसा, शेजार, सगळीकडे पाहिजे असं ठरवून यादीच केली. पूर्वी रविवारी दुपारपर्यंत दुकान उघडं असायचं, आता पूर्ण बंद. सकाळी शटर वर केलं की दोन्ही पोरांना घेऊन प्रार्थना. पोरं कर्नाटकातली, दुकानात रोजावर कामाला आहेत. बिलाशिवाय माल देणं बंद करायचंय, पण गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जातं. घरी साडेसातला तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, मोबाइल बंद. बायको म्हणते, "नवरा मागितला होता, घरात पाद्री आला." मुलगा त्या वेळेला मित्राकडे जाऊन बसतो. गणेशचवथीला शेजाऱ्यांनी नेवऱ्यांचा (करंज्यांचा) डबा पाठवला तो मी परत केला. वीस वर्षांचा शेजार, पण तेव्हापासून बोलत नाहीत.

आणखी एक. मे महिन्यात आमच्या खुरसाकडे, म्हणजे वाड्यावरच्या क्रूसापाशी, लदीन असते, सगळे मिळून प्रार्थना. धाकटी बहीण शिवोलीला दिलेली, बोलावलं तरी येत नाही. आई गेल्यावर घर माझ्या नावावर झालं. तिने आणि मेहुण्याने सही दिली, जबरदस्ती नव्हती. दर शुक्रवारी बाजाराला येते, दुकानासमोरून जाते, आत येत नाही. तिचा स्वभावच तसा. अशा माणसासाठी प्रार्थना कशी करावी? आणि एवढं सगळं करून घरात शांती का नाही?

तुमचा धाकटा भाऊ समजा,
बार्देश

*

धाकटा भाऊ म्हणालास, म्हणून अरे-तुरे करते.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा कौतुक वाटलं. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन बसले आणि तू केलेल्या एकेका गोष्टीपुढे लिहीत गेले की याचे पैसे कोणी भरले. रविवार बंद झाला, त्याचे पोरांनी भरले. तेर्साचे बायकोने आणि मुलाने, डब्याचे शेजारणीने. तुझ्या स्वतःच्या खिशातून काय गेलं ते शोधत होते. एकच सापडलं, बिलाचं. आणि नेमकं तेवढंच अजून "करायचंय"मध्ये आहे. दुकानदाराला दुकानदाराच्या भाषेत सांगते, माल तू घेतोयस आणि बिल दुसऱ्यांच्या नावावर फाटतंय. घरात शांती का नाही, त्याचं निम्मं उत्तर इथेच आहे.

आधी त्या पोरांचं. रोजावर आहेत म्हणालास, म्हणजे रविवारचा रोज त्यांना मिळत नसणार. मिळत असेल तर माझी चूक, हा परिच्छेद सोडून पुढे जा. शब्बाथाची, म्हणजे विसाव्याच्या दिवसाची, आज्ञा रिट्रीटमध्ये नक्की ऐकली असशील. ती बायबलातल्या निर्गम या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात आहे आणि अनुवाद या पुस्तकाच्या पाचव्यात परत आहे. ती पूर्ण वाच. तू विसावा घे, एवढ्यावर ती थांबत नाही. तुझा दास, तुझी दासी, तुझा बैल, तुझं गाढव, तुझ्या वेशीच्या आतला उपरी, अशी सगळी नावं घेते, आणि अनुवादात तर कारणही देते: तुझ्यासारखाच तुझ्या दासालाही विसावा मिळावा. उपरी म्हणजे बाहेरून पोटासाठी आलेला. (आपण गोव्यात त्याला दुसऱ्याच शब्दाने हाक मारतो, तो इथे लिहीत नाही.) तुझा विसावा मिस्सेनंतर घरी जेवून झोपण्यात जातो. त्या दोघांचा, गावी पाठवायच्या पैशात अर्ध्या दिवसाचा खड्डा पडला याचा हिशोब करण्यात जातो. याला महिन्याला चार सुट्ट्या नाही, चार खाडे म्हणतात. त्यांना महिन्याच्या पगारावर घे, रविवार धरून. आणि सकाळची प्रार्थना तू एकटा कर. मालक हात जोडून उभा राहिला की नोकर उभा राहतोच. त्याच्या मनात काय आहे ते तुला कधीच कळायचं नाही.

बिलाबद्दल फार लिहीत नाही, कारण तिथे तुला उत्तर माहीत आहे, फक्त धीर हवाय. लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायात तराजू आणि वजनं खरी ठेवायला सांगितलंय. आज तराजूच्या जागी बिलबुक आलं. दोनशे रुपयांच्या आतल्या किरकोळ विक्रीला गिऱ्हाइकाने मागितलं नाही तर वेगळं बिल फाडावं लागत नाही, दिवसाचं एकत्र चालतं, म्हणजे खिळे-वॉशरसाठी जीव काढू नकोस. प्रश्न नळ, रंग, पाइप यांचा, जिथे जीएसटीच्या 18 टक्क्यांचा फरक गिऱ्हाइकाच्या तोंडावर येतो. तुझी वर्षाची विक्री दीड कोटीच्या आत आहे का? आणि घर दुरुस्त करणारी साधी माणसंच जास्त येतात का? तर कंपोझिशनबद्दल, म्हणजे छोट्या दुकानदारांसाठीच्या जीएसटीच्या सोप्या योजनेबद्दल, सीएला विचार. उलाढालीवर 1 टक्का तू खिशातून भरायचा, गिऱ्हाइकाकडून कर वेगळा घ्यायचा नाही. खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, म्हणजे इनपुट क्रेडिट, तुला मिळणार नाही, कंत्राटदारांनाही मिळणार नाही, म्हणून ते जातील. तुला कुठली बाजू परवडते ते सीएसमोर बसून काढ. काहीही केलंस तरी थोडी गिऱ्हाइकं जाणार. देव भरपाई करील असं मी सांगणार नाही, मला माहीत नाही. पण यादीतलं हे एकच बिल तुझ्या नावावरचं आहे. ते आधी भर.

आता तेर्स. मी बेळगावच्या मेथॉडिस्ट घरात वाढले, आमच्याकडे तेर्स नव्हतं, पण कुटुंब-प्रार्थना होती आणि वडील मास्तर होते, तेव्हा ती किती लांबायची विचारू नकोस. रॉकेलच्या स्टोव्हवर तवा, आम्ही चार पोरं गुडघ्यावर, आणि वडील देवाला साऱ्या जगाच्या बातम्या सांगतायत. आई "आमेन"च्या आधीच उठून भाकरी उलटायची. एकदा वडील रागावले. ती म्हणाली, "देवाला करपलेली चालेल, पोरांना चालत नाही." वडिलांनी तेव्हा काही उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवसापासून प्रार्थना जेवणानंतर झाली आणि निम्म्यावर आली. आज त्या प्रार्थनेतला एक शब्द मला आठवत नाही. ते दुसऱ्या दिवशीचं जेवण आठवतं.

साडेसातला तुझ्या घरात काय चालू असतं? बायको बांगडे साफ करत असणार. मुलाचा मोबाइल तू बंद केलास, तो मित्राच्या घरी चालू झाला. प्रभूने प्रार्थना खोलीत जाऊन, दार लावून करायला सांगितली, मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात. एकत्र प्रार्थना वाईट असं मी म्हणत नाही, गोव्यातल्या कित्येक घरांना तिनेच बांधून ठेवलं. पण ती घरानं मिळून ठरवलेली असते. महिनाभर असं करून बघ. साडेसातला बांगडे तू साफ कर. पन्नास "नमो मरिया" मोजायला मणीच लागतात असं नाही. आठवड्यातून एक दिवस सगळ्यांनी बसायचं, तो दिवस आणि वेळ मुलाला ठरवू दे. त्याने नाहीच ठरवला, तर तू बायकोबरोबर बस.

डब्याचं जरा नाजूक आहे. "खाल्लं असतं तर काय झालं असतं" असं तुला शंभर जण सांगतील, मी सांगणार नाही. मूर्तीला दाखवलेल्या अन्नाबद्दल संत पौलाने करिंथच्या ख्रिस्ती मंडळीला बरंच लिहिलंय आणि ते एका बाजूचं नाही. बाजारात मिळेल ते न विचारता खा, म्हणतो. पण कोणी मुद्दाम हे नैवेद्याचं म्हणून सांगितलं तर खाऊ नका, असंही म्हणतो. तुझ्या मनाला पटत नसेल तर खाऊ नकोस, त्यावर कोणाचा हक्क नाही. पण खाणं वेगळं आणि डबा परत करणं वेगळं. डबा शेजारणीने पाठवला होता. वीस नाताळ तुमच्या घरून ताट गेलं असणार, दोदोल, बेबिंक, आणि हो, नेवऱ्याच. त्यांनी एकदाही विचारलं नाही की हे कुठल्या देवासमोर ठेवलं होतं. नेवरी चवथीलाही तीच, नाताळालाही तीच, सारण फक्त घरागणिक बदलतं. दारात जा, बायकोला पुढे करू नकोस, आणि सांग की डबा परत पाठवणं चुकलं. नैवेद्याचं घेत नाही हे त्याच तोंडाने सरळ सांग. गोव्यातल्या माणसाला ते कळतं. पुढच्या चवथीला ती नैवेद्याच्या आधीच्या चार वेगळ्या काढून ठेवील, लिहून देते.

हे सगळं झालं, आता ज्यासाठी मी खरं तर पेन्सिल उचलली तिथे येते.

"जबरदस्ती नव्हती." मी विचारलं नव्हतं, तू आपणहून लिहिलंस.

सही कायदेशीर असणार, त्याबद्दल शंका नाही. मेहुण्याची सही लागली, कारण इथे वेगळा करार केला नसेल तर लग्नानंतर नवरा-बायकोची मिळकत सामाईक. आणि सही मुळात लागली ती एवढ्याचसाठी की त्या घरात तिचा वाटा तुझ्याइतकाच होता. घाटापलीकडे सगळ्या हिंदू मुलींना, आधीच लग्न झालेल्यांनाही, वडिलोपार्जित मिळकतीत भावाइतका हक्क मिळायला 2005 साल उजाडलं. आपल्याकडे 1867 चा पोर्तुगीज नागरी कायदा 1870 पासून लागू आहे. वारशाचा भाग आता राज्याच्या 2012 च्या कायद्यात आलाय, पण मुलगा-मुलगी सारखी, हे तसंच राहिलं. म्हणजे तिला काय मिळणार होतं ते तुला माहीत होतं आणि तिलाही. त्या दिवशी टेबलावर काय बोलणं झालं? आईचं आजारपण मी काढलं? तुझं लग्न आम्ही थाटात केलं? की काहीच नाही, नुसतं पेन पुढे केलं? माझ्याकडे दर वर्षी बहिणींची अशी पत्रं येतात. माहेरचं दार उघडं राहावं म्हणून त्या सही करतात. मग दार उघडंच असतं आणि यांचा पाय आत पडत नाही.

तिच्यासाठी प्रार्थना कशी करावी, हे तू विचारलंस. मत्तयच्या पाचव्या अध्यायात त्याचं उत्तर आहे आणि ते जरा उद्धट आहे: करू नकोस. अर्पण घेऊन वेदीपाशी आलास आणि आठवलं की तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जा, समेट कर, मग ये. "त्याच्या मनात", हे नीट बघ. बरोबर कोण, चूक कोण, सही कायदेशीर होती की नव्हती, यातलं काहीच तिथे विचारलेलं नाही. तुला आठवलं एवढं पुरे, आणि तुला आठवतंय. दर शुक्रवारी आठवतंय.

आणि जक्कय आठव, येशूला बघायला झाडावर चढलेला. जकातवाला, म्हणजे तुझ्या-माझ्यासारखा पैशातला माणूस. झाडावरून उतरला आणि आकड्यात बोलला: निम्मं गरिबांना, ज्याला लुबाडलं त्याला चौपट. रिट्रीटमध्ये कसं वाटलं, डोळ्यांत पाणी कसं आलं, हे त्याने सांगितलं नाही. बहिणीकडे जाशील तेव्हा तूही सांगू नकोस.

पण आकडा घेऊन धावत सुटू नकोस, आधी बायकोशी बोल. ज्या कायद्याने मेहुण्याची सही लागली, त्याच कायद्याने त्या घरात आता तुझ्या बायकोचा निम्मा हिस्सा आहे. तिच्या सहीशिवाय तू बहिणीला एक खोलीही लिहून देऊ शकत नाहीस. हे बोलणं सोपं जाणार नाही. घराची आजची किंमत काय, आईवर तुझा खर्च किती झाला, रोख देता येईल की हप्त्याने, की परसातला तुकडा, सगळं दोघांनी वहीत मांडा. लागलं तर वकिलाकडे बसा. खर्च वजा करायचा असेल तर कर, तो खरा असेल तर तिलाही पटेल. आणि ती "नको" म्हणाली तर एकदा तरी परत विचार, कारण पहिलं "नको" आपल्या बायका सवयीने म्हणतात.

म्हापशात राहणाऱ्याला बहिणींचं मी काय सांगावं! तुमच्या मिलाग्रीस सायबिणीला, म्हणजे चर्चमधल्या मरियामातेला, लोक शिरगावच्या लईराई देवीची बहीण मानतात. सात बहिणींपैकी एक देवळात, एक इगर्जेत, तरी नातं कोणी तोडलं नाही. फेस्ताला तेल घेऊन हिंदू रांगेत उभे असतात. तुझी तर एकाच पोटातली, शिवोलीला. बसने अर्धा-पाऊण तास.

लदिनीपर्यंत थांबू नकोस, आणि बोलावणंही पाठवू नकोस, तिथे सगळ्या वाड्यासमोर तिला उभं राहावं लागेल. येत्या शुक्रवारी ती समोरून जाताना दिसली की गल्ला पोरांवर सोड आणि बाहेर ये. घराचा विषय काढू नकोस. तिच्या हातात पिशवी असेल, बाजार म्हणजे जड असणार, ती घे. दिली नाही तर राहू दे, पण बसस्टँडपर्यंत बरोबर चाल. गाडी उभी असेल तर खिडकीपाशी थांब आणि विचार, "रविवारी तुझ्याकडे जेवायला येऊ का?" आता दुकान बंदच असतं ना.

— माई