बरं वाटल्यावर स्टिरॉइडची गोळी बंद केली तर चालेल का?

आईला दम्यासाठी प्रेडनिसोलोन चालू आहे, स्टिरॉइड म्हणजे विष असं सगळे म्हणतात, मग आता बरं वाटतंय तर बंद करू का, असं तुम्ही विचारलंय. स्वतःच्या मनाने मुळीच बंद करू नका. विषबिष काही नाही. मोजून दिलेल्या गोळीला घाबरणारी माणसं न मोजलेलं औषध डोळे मिटून घेतात, याचा मला संताप येतो.

माझी आत्या देवगडची, गुडघ्यांनी बेजार. शिमग्याच्या सुमारास काकांनी बाजारातल्या एका माणसाकडून 'शुद्ध झाडपाल्याच्या' पुड्या आणल्या. दुसऱ्या दिवशी आत्या खळ्यात झापं विणायला बसली! डॉक्टरकडे चल म्हटलं की म्हणायची, "तुमच्या गोळ्यांपेक्षा माझी पुडीच बरी आसा." हळूहळू चेहरा गरगरीत झाला, दंड-मांड्या सुकल्या, झापाचं टोक नुसतं घासलं तरी हातावर जांभळा डाग उठायचा. साखरही वाढली. मी फार्मासिस्ट आहे, मला तेव्हाच शंका आली. झाडपाल्याने गुडघा एका रात्रीत मोकळा होत नाही, डेक्सामेथासोन या जालीम स्टिरॉइडने होतो. त्याचं पाऊण मिलिग्रॅम म्हणजे प्रेडनिसोलोनचे ५ मिलिग्रॅम, आणि असर दीड-दोन दिवस टिकतो.

ऐन पावसात तो माणूस यायचा बंद झाला, पुड्या संपल्या. आत्याला ओकाऱ्या सुरू झाल्या, बीपी इतकं उतरलं की उठून बसवेना. रुग्णालयात सकाळचं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीर स्वतः बनवतं ते स्टिरॉइड, तपासलं तर जवळजवळ नव्हतंच. बाहेरून स्टिरॉइड आयतं मिळत राहिलं की मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी ते बनवायचा हुकूम सोडायचं थांबवते आणि मूत्रपिंडांवरच्या ॲड्रिनल ग्रंथी सुकत जातात. त्या पुन्हा कामाला लागायला महिने जातात. सलाइन आणि हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन दिल्यावर संध्याकाळी तिने पेज मागितली. तिला वाचवलं ते स्टिरॉइडनेच. पुढे मात्रा उतरवताना डॉक्टरांचे हाल झाले, कारण पुडीत काय होतं, किती होतं, हे सांगणारं कुणीच नव्हतं.

तुमच्या आईच्या पाकिटावर मिलिग्रॅम छापलेत. पाच-सात दिवसांचाच कोर्स असेल तर तो बहुधा तसाच संपवतात; तीन-चार आठवड्यांच्या वर गेला असेल तर मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवतात. गोळी सकाळी, काहीतरी खाऊन. आणि डॉक्टरांना पंपाबद्दल (इनहेलरबद्दल) विचारा. त्यातलं बुडेसोनाइड हे स्टिरॉइड मायक्रोग्रॅममध्ये थेट फुप्फुसात जातं, गिळला गेलेला बराचसा भाग यकृतात निष्प्रभ होतो. पंपानंतर चूळ भरायची. पंपाची सवय लागते म्हणणाऱ्यांना घरात घेऊ नका.

गोळी फार काळ चालली तर हाडं ठिसूळ होतात, मोतीबिंदू होतो, जंतुसंसर्ग पटकन होतो, हेही खरंच. आईला मधुमेह असेल तर साखर तपासत राहा. अंतिम शब्द तिच्या डॉक्टरांचा, माझा नाही.

काका अजून म्हणतात की आत्याला सूज रुग्णालयातल्या इंजेक्शनाने आली. मे महिन्यातल्या लग्नाच्या फोटोत तिचा चेहरा सुजलेला स्पष्ट दिसतो. इंजेक्शन दिलं श्रावणात.