मुलीच्या उन्हाळी कॅम्पसाठी सुकन्याचे हप्ते थांबवू की एफडी मोडू?

प्रश्न : आम्ही कोल्हापुरात राजारामपुरीत भाड्यानं राहतो. मिस्टर उद्यमनगरात मशीन शॉपमध्ये आहेत, पगार हातात ३८ हजार. मी घरी ब्लाउज शिवते, महिन्याला ९ हजारांपर्यंत मिळतात. घरखर्च साधारण ३५ हजार. मुलगी १२ वर्षांची आहे. मे महिन्यात पन्हाळ्याजवळ फक्त मुलींचा दहा रात्रींचा निवासी कॅम्प आहे, तिला तिथं जायचंय. फी २४,५००; त्यातले ५ हजार याच महिन्यात, बाकीचे ३० एप्रिलपर्यंत. ती चार वर्षांची असताना सुकन्या समृद्धी (मुलींसाठीची सरकारी बचत योजना) खातं काढलं, त्यात महिन्याला २ हजार भरतो. ते वर्षभर थांबवू, एक लाखाची एफडी मोडू, की अंगठी गहाण ठेवू? मार्चमध्ये भिशीचे १२ हजार मिळतील, दिवाळीला १५ हजार बोनस असतो. ही फी टॅक्स सवलतीच्या ८०सी मध्ये बसते का, असं मिस्टर विचारतात. सासूबाईंना ही चैन वाटते.

उत्तर : ताई, मुलीला पाठवा. पण तुम्ही लिहिलेल्या तिन्ही वाटांनी नको.

आधी एफडी. तुमच्या घरखर्चाच्या हिशेबानं ती तीन महिनेसुद्धा पुरत नाही, आणि घरात आजारपणासाठी किंवा काम बंद पडलं तर हाताशी दुसरं काही दिसत नाही. कॅम्प मेमध्ये, त्यानंतर लगेच पावसाळा. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेला पूर आला तेव्हा शहरातली किती दुकानं, किती कारखाने बंद राहिले ते तुम्ही पाहिलंय. पावसाळ्याच्या तोंडावर हा एक लाख मोडायचा नाही, कॅम्पसाठी तर नाहीच. अंगठीही कपाटातच राहू दे. दहा दिवसांच्या खर्चासाठी महिनोन् महिने व्याज भरण्यात अर्थ नाही. क्रेडिट कार्डावर हप्ते करून घ्या असं कोणी सुचवलं तर त्यालाही नाही म्हणा. ८०सी मध्ये शाळा-कॉलेजच्या पूर्णवेळ शिक्षणाची ट्यूशन फी बसते, कॅम्पची नाही. तुमच्या पगारावर तसाही टॅक्स लागत नाही, त्यामुळे तो विषय सोडून द्या.

आता सुकन्या. वर्षाचे २४ हजार भरलेच नाहीत, तर आजचा ८.२ टक्के दर धरून मुलीच्या पंचविसाव्या वर्षी खातं पूर्ण होईल तेव्हा सुमारे ६७ हजार कमी मिळतील. म्हणजे फी कागदावर २४,५०० आणि मुलीच्या खात्यातून जाणार ६७ हजार. म्हणून वर्षभर थांबवायचं नाही. पण थोडे महिने पुढं ढकलता येतं, आणि हे बऱ्याच पालकांना माहीत नसतं. या खात्यात दरमहा ठरावीक रक्कम भरण्याचं बंधन नाही. आर्थिक वर्षात किमान २५० रुपये भरले की खातं चालू राहतं, कमाल मर्यादा दीड लाख. फेब्रुवारी ते मे असे चार हप्ते, म्हणजे ८ हजार, बाजूला ठेवा आणि दिवाळीच्या बोनसमधून नोव्हेंबरात एकदम भरून टाका. व्याजाचं नुकसान चारशे-साडेचारशे रुपये. भरताना महिन्याच्या ५ तारखेच्या आत भरा, नाहीतर त्या महिन्याचं व्याज त्या रकमेवर मिळत नाही.

मग जुळणी अशी होते : भिशीचे १२ हजार, फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुकन्याचे ६ हजार आणि लग्नसराईच्या शिलाईतून तीन महिने अडीच-अडीच हजार. झाले २५,५००. फी भागली. मेचे २ हजार सामानाला. सॅक आणि स्लीपिंग बॅग नवी घेऊ नका, ओळखीत कुणी ट्रेकला जाणारं असेल तर मागून आणा. बूट मात्र तिच्या मापाचे घ्या आणि आधी महिनाभर पायात वापरू द्या. नव्या बुटांनी पाय सोलले की मुलगी चार दिवस बसून राहते. बोनस मात्र पक्का आहे का, याची मिस्टरांनी कारखान्यात खात्री करावी. नसेल तर ते ८ हजार शिलाईतून महिन्याला हजार असे परत भरायचे.

सासूबाईंचं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही. पैशाइतकीच त्यांना काळजी वाटत असणार, आणि ती रास्त आहे. पाच हजार देण्याआधी तुम्ही दोघांनी एका रविवारी कॅम्पची जागा बघून या, पन्हाळा काही लांब नाही. मुली झोपतात त्या हॉलमध्ये रात्री कोण असतं, त्या बाईंशी स्वतः बोला. संडास-बाथरूम झोपायच्या जागेपासून किती लांब, दाराला आतून कडी आहे का, हे डोळ्यांनी बघा. पाळी आली तर काय सोय, पोहायला नेणार का आणि कुठं, ताप आला तर कुठल्या दवाखान्यात, गाडी रात्री तिथं उभी असते का, हे विचारा. मोबाइल जमा करून घेतात ते चांगलंच. पण मुलीला बोलावंसं वाटलं तर कोणाच्या फोनवरून बोलता येईल, तो नंबर घ्या. आणि परतावा : दुसऱ्या-तिसऱ्या रात्री रडून ती घरी आली, किंवा आदल्या दिवशी ताप भरला, तर किती पैसे परत? हे लेखी मागा. लेखी द्यायला टाळाटाळ केली तर तो कॅम्प सोडा, दुसरा शोधा. फीमध्ये जीएसटी धरलाय का तेही पावतीवर बघा. १८ टक्के वरून लावला तर आणखी ४,४१० रुपये होतात आणि आपली सगळी जुळणी कोलमडते.

चैन म्हणाल, तर मला तसं वाटत नाही. घराबाहेर राहून शिकणं कोल्हापूरला नवं नाही. शाहू महाराजांनी १९०१ मध्येच इथं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभं केलं. पहाटे घंटेला उठायचं, अंथरुणाची घडी घालायची, मेसमध्ये वाढेल ते खाऊन स्वतःचं ताट घासायचं, अनोळखी मुलींबरोबर तंबू ठोकायचा आणि भांडण झालं तरी रात्री त्याच तंबूत झोपायचं, हे बारा वर्षांच्या मुलीला घरात आपण कितीही ठरवलं तरी शिकवता येत नाही. उद्या बारावीनंतर ती पुण्याला शिकायला गेली तर हॉस्टेलची पहिली रात्र तिला एवढी जड जाणार नाही.

फॉर्म भरायला बसाल तेव्हा तिलाही जवळ घ्या आणि पैसे कुठून उभे राहतायत ते कागदावर मांडून दाखवा. भिशी किती, शिलाई किती, तिच्या खात्यातून किती उसने आणि ते नोव्हेंबरात कसे परत जाणार, सगळं. हिशेब तिच्याच वहीत लिहायला सांगा.