घाणेरीचं रान कुठल्या टोकापासून काढायला घ्यावं?

पायवाटेच्या दोन्ही अंगांना घाणेरी माजलीय, मधूनमधून सुबाभळीची दाटी आहे, पावसाळ्यात गाजर गवत येतं. परवानगी हातात आहे, शंभरेक माणसं येतील. तर एका रविवारी जेसीबी लावून सगळं सपाट करावं आणि लगेच झाडं लावावीत का, असं तुम्ही विचारलंय. जेसीबी नको. आणि जिथे सगळ्यात जास्त माजलंय तिथून सुरुवात तर मुळीच नको.

उकरलेली माती आणि मोकळं ऊन, बाहेरून आलेल्या या तिन्ही तणांना एवढंच लागतं. पायवाटेच्या कडेला ती सगळ्यात आधी येतात ती त्यामुळेच. घाणेरीच्या जाळीखाली बियांचा मोठा साठा पडलेला असतो, सुबाभळीचं कडक सालीचं बी तर मातीत कित्येक वर्षं तग धरतं. वरचं रान एका दिवसात गेलं की पहिल्या पावसात ते सगळं एकदम वर येतं. पहिल्या रविवारी शंभर माणसं येतात, पण उगवलेली रोपं उपटायला तिसऱ्या महिन्यात किती येतील याचा अंदाज तुम्हालाही असेलच. उतार असेल तर मातीही वाहून जाते, ते वेगळंच.

सिडनीत जोन आणि आयलीन ब्रॅडली या दोघी बहिणींनी १९६०च्या दशकात बंदराकाठच्या रानात हाताने तण काढता काढता एक रीत बसवली. जिथे स्थानिक झाडझाडोरा अजून धड आहे तिथून सुरुवात करायची आणि हळूहळू बिघडलेल्या भागाकडे सरकायचं. माती कमीत कमी हलवायची, पाचोळा परत पसरून ठेवायचा. तिसरी गोष्ट लोकांना सगळ्यात जड जाते: मोकळी केलेली जागा स्थानिक रोपांनी भरेपर्यंत पुढच्या तुकड्याला हात लावायचा नाही. म्हणजे कामाचा वेग माणसं किती आहेत यावर ठरत नाही, तो रान भरून येण्यावर ठरतो. फोटोत हे काम दिसत नाही, देणगीदारांना दाखवायलाही फारसं काही नसतं. तरी मी हीच रीत सुचवेन.

तेव्हा आधी पूर्ण वाट चालून बघा. चांगला तुकडा कुठे आहे, स्थानिक रोपं कुठे तग धरून आहेत ते हेरा आणि त्या रोपांना रंगीत फीत बांधा, नाहीतर उत्साही हात तीच आधी उपटतात. बाहेरून आलेलं प्रत्येक झाड शत्रू नसतं, हेही सांगून ठेवा. चिंच आफ्रिकेतली, गुलमोहर मादागास्करचा. म्हणून कोणी कुऱ्हाड घेऊन निघू नये.

घाणेरी नुसती छाटली तर बुंध्यापासून दुप्पट जोमाने फुटते. दिल्ली विद्यापीठातल्या प्रा. सी. आर. बाबू यांच्या चमूने यावर साधी युक्ती काढली: मुख्य मूळ जमिनीखाली एक-दोन इंचांवर कुदळीने तोडायचं आणि झुडूप उलटं करून ठेवायचं. धुमारे मुळाच्या वरच्या भागातून येतात, तोच भाग निघून जातो आणि माती फारशी उकरावी लागत नाही. फळं धरण्याआधी हे करा. बुलबुल ती फळं खातात आणि बी लांबवर नेऊन टाकतात. जाळीत घरटी असतात, म्हणून कापण्याआधी आत डोकावा आणि काही जाळी पुढच्या वर्षासाठी राहू द्या.

सुबाभळीची बोटभर जाडीची रोपं ओल्या जमिनीतून मुळासकट येतात. मोठं झाड तोडलं की फुटणारच. दर काही आठवड्यांनी फुटवे काढत राहायचं, किंवा तोडल्या तोडल्या, साल आणि लाकूड यांच्यामधल्या ओल्या कड्यावर तणनाशक लावायचं. उशीर झाला तर ते आत शिरत नाही. तणनाशकाला स्थानिक नियम काय परवानगी देतात ते आधी बघा, हे काम प्रशिक्षित माणसानेच करावं, पाण्याजवळ तर नकोच.

गाजर गवत फुलण्याआधी, जमीन ओली असताना उपटायचं. उगवल्यावर महिना-दीड महिन्यात ते फुलतं आणि एकेक झाड हजारो बिया टाकतं, त्यामुळे हंगामात एकदा उपटून भागत नाही. वरून कापलं तर बुडातून फुटून खुजंच फुलतं. हातमोजे, पूर्ण बाह्या हव्यातच. दमा किंवा त्वचेची ॲलर्जी असलेल्यांनी या कामाला येऊ नये. पानांची चाळणी करणारे फिकट, तपकिरी रेघांचे भुंगे दिसले तर त्यांना राहू द्या. गाजर गवत खाऊन आटोक्यात ठेवावं म्हणून ते मेक्सिकोहून मुद्दाम आणलेले आहेत.

गवत कापणारं यंत्र नेहमी स्वच्छ भागाकडून माजलेल्या भागाकडे न्यायचं आणि काम झाल्यावर झटकून धुवायचं. वाटेच्या दुरुस्तीला बाहेरची माती आणली तर तिच्याबरोबर नवं बी येतं. शक्यतो आणूच नका.

लागवडीची घाई करू नका. एक पावसाळा थांबून काय आपोआप उगवतंय ते बघा, नंतर फक्त रिकाम्या जागा भरा. उगवलेलं रोप ओळखता येत नसेल तर पान आणि खोड जवळून दिसेल असा फोटो इथे टाका. तोवर ते उपटू नका.