डॉकिंगच्या आकड्यावर भाळू नकोस

डॉकिंग म्हणजे औषधाचा रेणू जिवाणूच्या प्रथिनात कसा आणि किती घट्ट बसेल याचा संगणकावरचा अंदाज. त्यातून वनस्पतीतल्या रेणूची प्रतिजैविकाशी तुलना करायचा तुझा प्रकल्प आहे. नाशिकला राहतोस म्हणून द्राक्षाच्या सालीतलं रेझव्हेराट्रॉल निवडलंस, ठीक आहे. पुढे प्रयोगाला वायनरीतला चोथाही मिळेल. पण तुलनेला अमॉक्सिसिलिन नको. ते जिवाणूच्या प्रथिनातल्या सेरीन या अमिनो आम्लाशी सहसंयुज (पक्का रासायनिक) बंध करतं आणि ऑटोडॉक व्हिना हे डॉकिंगचं सॉफ्टवेअर नेहमीसारखं चालवलं तर तो बंध हिशेबातच येत नाही. म्हणजे एका पैलवानाचे हात बांधून कुस्ती लावायची!

सिप्रोफ्लॉक्सासिन घे. पीडीबी या प्रथिनरचनांच्या संग्रहावर २एक्ससीटी ही रचना आहे: स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूचं गायरेज (डीएनएचा पीळ सांभाळणारं विकर), डीएनए आणि औषधासकट. बरेच जण फाइल साफ करताना पाण्याबरोबर डीएनए आणि धातूचा आयनही उडवतात. औषध बसतं ते कापलेल्या डीएनएच्या फटीत, मग उरलं काय? आधी तेच औषध काढून पुन्हा डॉक कर. आरएमएसडी (मूळ जागेपासून रेणू सरासरी किती सरकला ते अंतर) २ अँगस्ट्रॉमच्या आत आला तरच पुढे जा.

उणे ८.१ आणि उणे ८.६ किलोकॅलरी प्रति मोल (जितका जास्त उणे, तितकी पकड घट्ट) यांत विजेता ठरवू नकोस, व्हिनाची स्वतःची चूक त्याहून मोठी असते. शिवाय रेणू मोठा की आकडा आपोआप सुधारतो. साखर जोडलेलं रुटिन उगाच यादीत वर येत नाही. करक्यूमिन तर टाळच, चाचण्यांत खोटे होकार देण्यासाठी ते बदनाम आहे.

ई. कोलायसारख्या जिवाणूचं बाह्य आवरण आणि इफ्लक्स पंप (औषध पेशीबाहेर फेकणारी प्रथिनं) डॉकिंगला दिसत नाहीत. त्यामुळे एमआयसी (जिवाणूची वाढ रोखणारं औषधाचं किमान प्रमाण) प्रयोगातून काढावीच लागेल. मायक्रोबायोलॉजी विभागात आत्ताच विचारून ठेव, परीक्षा जवळ आल्या की इनक्युबेटर रिकामा मिळत नाही.