प्रेस्टनला येताय? शाळा कुणाची आणि जमिनीखालचा गॅस कुणाचा

ताई, तुमचा प्रश्न वाचला. तुम्हाला प्रेस्टनला नर्सची नोकरी मिळालीय, मिस्टर आणि दोन मुलं (एक ५, एक ११) सोबत येणार, आणि नात्यातल्या कुणीतरी सांगितलं की इंग्लंडात सरकारी शाळा कंपन्यांना विकून टाकल्यात आणि लँकेशायरमध्ये (प्रेस्टन याच जिल्ह्यात येतं) गॅससाठी जमीन फोडतात म्हणून भूकंप होतात, तिकडे घर घेऊच नका. अर्धं खरं आहे, अर्धं व्हॉट्सअॅपचं आहे. मी २०१२ पासून प्रेस्टनमध्ये आहे, दोन्ही गोष्टी जवळून बघितल्यात म्हणून जरा सविस्तर लिहितो, चहा घेऊन बसा.

आधी शाळा. कुणी विकलेल्या नाहीत, फी पण नाही, पण बऱ्याच शाळांचा कारभार दुसऱ्यांच्या हातात गेलाय हे खरं. ब्लेअरच्या लेबर सरकारनं २००० साली अॅकॅडमी नावाची कल्पना काढली, पहिल्या शाळा २००२ मध्ये सुरू झाल्या. बंद पडायला आलेली शाळा एखाद्या स्पॉन्सरला द्यायची, त्यानं वीसेक लाख पौंड घालायचे आणि मग ती कौन्सिलच्या (म्हणजे स्थानिक पालिकेच्या) हाताखाली नाही राहणार, पैसा थेट लंडनहून येणार. मग २०१० ला मायकल गोव्ह शिक्षणमंत्री झाले आणि कायदा करून चांगल्या चाललेल्या शाळांनाही दार उघडून दिलं. आज इंग्लंडातल्या दर पाच सेकंडरी शाळांपैकी चारपेक्षा जास्त अॅकॅडमी आहेत. आता त्या एकेकट्या नसतात, बहुतेक एकाच ट्रस्टच्या दहा-वीस-पन्नास शाळा असतात, त्याला इथे मॅट म्हणतात, मल्टी अॅकॅडमी ट्रस्ट.

मी सातारकडचा, रयतच्या शाळेत शिकलो, त्यामुळे एका संस्थेच्या ढीगभर शाळा याचं मला काही नवल नव्हतं. पण इथल्या ट्रस्टला सीईओ असतो हो! कागदावर ही चॅरिटी असते, नफा काढता येत नाही, पण रचना कंपनीचीच. लंडनच्या हॅरिस फेडरेशनच्या सीईओचा पगार साडेचार लाख पौंडांच्या वर गेलाय, पंतप्रधानांच्या दुपटीहून जास्त. रिझल्ट चांगले आहेत त्यांचे, हेही सांगायला पाहिजे. फेडरेशनला नाव दिलेले लॉर्ड हॅरिस म्हणजे कार्पेटराइटवाले, गालिचे विकून मोठे झालेले आणि हुजूर पक्षाचे जुने देणगीदार. आर्क नावाची शाळांची साखळी हेज फंडवाल्यांनी, म्हणजे बड्या लोकांचा पैसा बाजारात लावणाऱ्यांनी, उभी केली. जॉन नॅश म्हणून एक व्हेंचर कॅपिटलिस्ट (नव्या धंद्यांत पैसा लावणारा), बायकोबरोबर लंडनच्या पिमलिको भागात शाळांचा ट्रस्ट काढला, पक्षाला देणग्या दिल्या आणि २०१३ मध्ये लॉर्ड होऊन थेट शाळांचे मंत्री. २०१७ ला त्यांच्या जागी आले थिओडोर अॅग्न्यू, तेही देणगीदार आणि नॉरफोकच्या एका ट्रस्टचे संस्थापक. आपल्याकडे साखरसम्राट आधी आमदार होतो मग शिक्षणसम्राट, इथे क्रम थोडा इकडे-तिकडे, बाकी तेच.

मग नफा नाही तर यांना मिळतं काय? पैसा सरळ नाही निघत, तो कडेकडेनं निघतो. ट्रस्टच्याच माणसाच्या किंवा नातेवाइकाच्या कंपनीला आयटीचं काम, सल्ल्याचं काम, बिल्डिंगचं काम. सरकारनं २०१३ ला नियम केला की अशा व्यवहारात नफा घ्यायचा नाही, मूळ खर्चातच द्यायचं, २०१९ पासून मोठ्या रकमेला आधी परवानगी लागते, नियम करावे लागले यावरूनच समजा काय चाललं असेल. आमच्या शेजारी यॉर्कशायरमध्ये वेकफील्ड सिटी अॅकॅडमीज ट्रस्ट होता, २१ शाळा. सीईओच्या आणि त्याच्या मुलीच्या कंपन्यांना कामं दिल्याचं आधीच बाहेर आलेलं, आणि २०१७ च्या सप्टेंबरात, मुलं नुकती नव्या वर्गात बसलेली, तेव्हा ट्रस्टनं सांगितलं आम्हाला आता झेपत नाही, सगळ्या शाळा दुसऱ्यांना द्या. शाळांनी वर्षानुवर्षं साठवलेले पैसे त्याआधीच ट्रस्टच्या मधल्या खात्यात गेलेले, पालक कौन्सिलकडे गेले तर कौन्सिल म्हणते आमच्या हातात काय आहे.

हीच खरी गोम आहे. माझ्या मुलाची शाळा ट्रस्टमध्ये गेली (नाव नाही घेत) तेव्हा आम्हाला हॉलमध्ये बोलावलं, बिस्किटं होती, स्क्रीनवर रंगीत स्लाइड होत्या, सगळे हात वर करून प्रश्न विचारत होते आणि समोरचा माणूस "थँक्यू फॉर दॅट" म्हणून लिहून घेत होता. ठरलेलं आधीच होतं. सप्टेंबरात नवा लोगो आला, सहा महिन्यांपूर्वी घेतलेला ब्लेझर बाद, नवा फक्त एकाच दुकानात. आणि कौन्सिलची शाळा ऑफस्टेडच्या (शाळा तपासणारी सरकारी संस्था) तपासणीत "इनअॅडिक्वेट" म्हणजे नापास निघाली तर अॅकॅडमी करायचीच असं २०१६ च्या कायद्यानं ठरवलं होतं, मग ती बिस्किटंही नसायची.

आता गॅस. आता इथे कुणी जमीन फोडत नाहीये, काळजी नको. पण झालं होतं. क्वाड्रिला नावाच्या कंपनीनं ब्लॅकपूलजवळ प्रीस हॉलला २०११ मध्ये फ्रॅकिंग केलं, म्हणजे खोल खडकात पाणी-वाळू-केमिकल दाबानं मारून गॅस मोकळा करायचा, आणि २.३ आणि १.५ चे धक्के बसले. कंपनीचे चेअरमन कोण, तर बीपीचे जुने प्रमुख लॉर्ड ब्राउन, आणि तेच गृहस्थ त्याच वेळी सरकारच्या कॅबिनेट ऑफिसात सल्लागार बोर्डावर. बघा म्हणजे. २०१४ ला कॅमेरॉन म्हणाले शेल गॅससाठी (हाच खडकातला गॅस) आम्ही सगळी ताकद लावणार, फ्रॅकिंगच्या जागेचा बिझनेस रेट (धंद्याच्या जागेवरचा कर) कौन्सिलला पूर्ण ठेवता येईल असं आमिष दाखवलं, आणि ब्लॅकपूलच्या कॉलेजात तेल-गॅसचं नॅशनल कॉलेज काढायचं म्हणूनही जाहीर केलं, म्हणजे शाळा-कॉलेज आणि गॅस एकाच ताटात.

तरी लँकेशायर कौन्सिलनं जून २०१५ मध्ये प्रेस्टन न्यू रोडवरच्या क्वाड्रिलाच्या गॅसविहिरीला नाही म्हटलं. लोकांनी निवडून दिलेली माणसं, त्यांनी ऐकून-वाचून नाही म्हटलं. ऑक्टोबर २०१६ मध्ये मंत्री साजिद जाविद यांनी लंडनहून तो निर्णय फिरवला. शाळेत आणि विहिरीत मला जे सारखं दिसतं ते हे, इथल्या माणसाचं मत कागदावर घ्यायचं आणि ठरवायचं दुसरीकडे, आणि ठरवणाऱ्याच्या आजूबाजूला ज्यांचा धंदा आहे तीच मंडळी.

त्या रस्त्यावरून मी कामाला जायचो. गेटवर पिवळे एप्रन आणि डोक्याला रुमाल बांधलेल्या आज्या उभ्या असायच्या, स्वतःला नॅनाज म्हणायच्या, थर्मासमधला चहा पोलिसांनाही विचारायच्या. ऑक्टोबर २०१८ ला काम सुरू झालं, ०.५ च्या वर धक्का गेला की थांबायचं असा नियम, सारखं थांबायला लागायचं. मग २६ ऑगस्ट २०१९, बँक हॉलिडेचा सोमवार, सकाळी साडेआठ, वॉशिंग मशीन स्पिनला लागल्यावर जमीन थरथरते तसं झालं आणि कपाटातल्या बश्या वाजल्या. २.९. शेजारी बाहेर येऊन उभे. मी कोयनेच्या खोऱ्यातला, २.९ ला आमच्याकडे कूस बदलत नाहीत, पण आईला फोनवर सांगितलं तर ती १९६७ ची रात्र आठवून गप्पच झाली, ते घरं पडलेलं, आणि शेवटी एवढंच बोलली, "तिथं पण माणसानंच केलं का रे?"

नोव्हेंबर २०१९ मध्ये बंदी आली, २०२२ ला लिझ ट्रसनं उठवली, महिन्याभरात ऋषी सुनक यांनी परत लावली, आणि २०२४ च्या जाहीरनाम्यात लेबरनं कायमची बंदी करू म्हटलं. पण हे लक्षात ठेवा की इथे घर घेतलं तरी खालचा गॅस राजसत्तेचा असतो, अमेरिकेसारखा जमीनमालकाचा नाही, आणि २०१५ च्या कायद्यानं ३०० मीटरच्या खाली तुम्हाला न विचारता ड्रिल करता येतं. म्हणजे सातबारा तुमचा, पाताळ त्यांचं. घर घेताना सॉलिसिटरला (घराचे कागद करणारा वकील) एनर्जीचा सर्च आणि जुन्या कोळसा खाणींचा सर्च दोन्ही करायला सांगा, खाणींचाच त्रास या भागात जास्त निघतो.

शाळेसाठी ट्रस्टचं नाव कंपनीज हाउसच्या साइटवर टाका, हिशोब फुकट वाचता येतात. "रिलेटेड पार्टी" (ट्रस्टच्याच माणसांशी झालेले व्यवहार) लिहिलेलं पान आणि साठ हजार पौंडांच्या वर पगार घेणाऱ्यांचा तक्ता, ही दोन पानं बघा, बाकी नंतर. शाळेत गेलात तर लोकल गव्हर्नरना (शाळेच्या स्थानिक समितीचे सदस्य) नेमके अधिकार काय आहेत ते विचारा, बऱ्याच ठिकाणी ते फक्त नावाला असतात. कौन्सिलच्या आणि चर्चच्या प्रायमरी अजून भरपूर आहेत, धाकट्यासाठी मी तीच बघितली असती. आणि हे सगळं फक्त इंग्लंडचं, स्कॉटलंड-वेल्समध्ये अॅकॅडमी हा प्रकारच नाही, तिकडची ऑफर पण असेल तर तसं सांगा.

अर्ज अॅकॅडमीचा असला तरी सप्टेंबरच्या प्रवेशासाठी कौन्सिलकडूनच जातो, सेकंडरीला आदल्या ३१ ऑक्टोबरपर्यंत, प्रायमरीला १५ जानेवारीपर्यंत. तुम्ही मध्येच येणार असाल तर इन-इयर अर्ज, तो काही ठिकाणी कौन्सिलला, काही ठिकाणी थेट शाळेला, आणि जागा असेल तिथेच मिळते. मोठ्या मुलाची जन्मतारीख ३१ ऑगस्टच्या अलीकडची की पलीकडची ते कळवा, त्यावर इयर सिक्स (प्रायमरीचं शेवटचं वर्ष) का सेव्हन (सेकंडरीचं पहिलं) ते ठरेल, मग शाळांची नावं सांगतो.