बदलीनंतरचा तात्पुरता मुक्काम: आधी मंजुरी, मग घर

अमेरिकेच्या केंद्र सरकारी नोकरीत ही तुमची पहिलीच बदली आहे ना? मग सर्वात आधी बदलीच्या आदेशात तात्पुरत्या निवासखर्चाची मंजुरी लेखी आली आहे का ते बघा. मंजुरीआधी राहिलेल्या दिवसांचे पैसे मिळत नाहीत. सुरुवातीला जास्तीत जास्त 60 दिवस मिळतात. सबळ कारण असेल तर मुदत वाढते, पण एकूण 120 दिवसांच्या पुढे नाही.

खरी अडचण ‘तात्पुरतं’ या शब्दात आहे. तुम्ही वर्षभराचा भाडेकरार केलात, सगळं सामान तिथेच उतरवून घेतलंत, तर ते घर कायमचं ठरून दावा नामंजूर होऊ शकतो. म्हणून करार महिन्या-महिन्याचा करा आणि कायमचं घर शोधताय याची कागदपत्रं जपा. माझ्या मते ती पावत्यांइतकीच मोलाची.

प्रत्यक्ष खर्चाची पद्धत, म्हणजे झालेला खर्च दाखवून पैसे मिळण्याची पद्धत, असेल तर जेवणाचा, कपडे धुण्याचा खर्च रोजच्या रोज लिहा. राहण्याची पावती हवीच, शिवाय 75 डॉलरवरच्या प्रत्येक खर्चाचीही. स्थानिक प्रवास यात धरत नाहीत. निवासखर्चापोटी मिळालेली रक्कम करपात्र असते, त्यामुळे कराच्या भरपाईचा वेगळा दावा करायला अजिबात विसरू नका.